कुंडीतली रानचेरी: कात्रीच्या धाकाचा इतिहास

‘साकुरा किरु बाका, उमे किरानु बाका’ अशी जपानी म्हण आहे. चेरी छाटणारा मूर्ख आणि उमे, म्हणजे जपानी जर्दाळू, न छाटणाराही मूर्ख. बोन्साय तर छाटणीवरच उभा. तेव्हा चेरीशी त्याचे नाते पहिल्यापासून जरा ताणलेलेच आहे.

तरी चेरी कुंडीत आली ती फार आधी. चीनमध्ये ७०६ साली बांधलेल्या एका राजपुत्राच्या थडग्यातल्या भित्तिचित्रात सेवकाच्या हाती तबकातली छोटी झाडे दिसतात. जपानमधल्या १३०९ च्या कासुगा चित्रगुंडाळीतही अशी झाडे आहेत. चेरीचा उल्लेख येतो तो ‘हाची नो की’ या नो, म्हणजे जपानी मुखवटा-नाट्याच्या, नाटकात. बर्फाळ रात्री दारी आलेल्या भिक्षूला ऊब मिळावी म्हणून एक दरिद्री सामुराई उमे, चेरी आणि पाइन ही आपली कुंडीतली तीन झाडे जाळतो. भिक्षू निघतो वेषांतर केलेला जपानचा सत्ताधारी होजो तोकियोरी (१२२७–१२६३). बक्षिसात मिळालेल्या तीन जहागिऱ्यांच्या नावांत तीच तीन झाडे गुंफलेली आहेत. ही मात्र कुंडीत जोपासलेली झाडे. आजच्यासारखा काटेकोर आकार नंतरचा.

एदो काळात (१६०३–१८६८) सोमेई गावच्या माळ्यांनी कलमांचा धंदा वाढवला आणि पुढे सोमेई-योशिनो ही चेरीची जात सर्वत्र पसरली. बोन्सायवाल्यांना मात्र फुजी-हाकोने भागातली मामेझाकुरा ही रानटी चेरी अधिक सोयीची. पान लहान, काड्या बारीक, झाड मुळातच ठेंगणे. त्यामुळे मोठी जखम करण्याची वेळच कमी येते.

युरोपने बोन्साय पाहिला १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात. तिथल्या जंगलातली रानचेरी म्हणजे प्रुनस एव्हियम. लॅटिन नावाचा अर्थ ‘पक्ष्यांची’. रोपवाटिकांत तिचा उपयोग मुख्यतः खुंट म्हणून, म्हणजे कलमाचा खालचा मुळांचा भाग म्हणून. केंटमधल्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राने निवडलेला एफ १२/१ हा खुंट रानचेरीचाच. शोभेच्या चेऱ्यांची कलमे त्यावर बांधली जात, आणि अशी कलमे बोन्सायसाठी घेतली की पंचाईत व्हायची. खालचा खुंट जोमदार, वरची जात सावकाश वाढणारी. सांध्याशी पायरी पडते आणि दरवर्षी ती ठळक होते. ती लपत नाही. म्हणून बियांपासून वाढवलेले रोप बरे. गर धुऊन काढलेल्या बिया ओलसर वाळूत दोन आठवडे २० अंशांवर, मग १६ ते १८ आठवडे ३ ते ५ अंशांवर ठेवाव्या लागतात. थंडी अर्धवट झाली तर बी वर्षभर तसेच पडून राहते.

म्हणीतला धाक खरा आहे. चेरीची जखम सावकाश भरते, डिंक पाझरतो आणि कुज आतल्या लाकडात उतरते. युरोपात रुपेरी पानांचा बुरशीरोग ओल्या हिवाळ्यातल्या ताज्या कापातून शिरतो, म्हणून मोठे काप जून ते ऑगस्टमध्ये घेतात. अंगठ्याएवढी फांदी कापण्याची वेळ आली, तर दोन वर्षांपूर्वी हिरवी काडी खुडायची राहिली असे समजावे. काप घेतलाच तर कडा धारदार चाकूने गुळगुळीत करून लगेच लेप लावावा.

दुसरी चूक फुलांच्या आखूड काडीवर होते. तिच्या बाजूचे डोळे फुलांचे असतात, पानाचा डोळा फक्त टोकाला. टोक उडवले की यंदा फुले येतात आणि मग काडी वाळते. लांब फुटव्यावर मात्र फुले ओसरताच, पानाचे दोन-तीन डोळे ठेवून छाटावे. पुढच्या वर्षीच्या कळ्या उन्हाळ्यात बनतात, तेव्हा पाण्याचा ताण दिला की त्याच जातात. साल पातळ, तार पटकन रुतते. वाढीच्या दिवसांत दर दोन-तीन आठवड्यांनी बघावी.

एव्हियमचा मोठा दोष पानाचा: ७ ते १४ सेंटीमीटर, वर लांब देठ, देठावर दोन लाल ग्रंथी. पेरेही लांब. ६० सेंटीमीटरच्या आतल्या झाडावर ते पान बेढबच दिसते. त्यामुळे युरोपातले अनेकजण दक्षिणेकडच्या चुनखडीच्या डोंगरांवर वाढणाऱ्या महालेब चेरीकडे वळले. तिचे पान पाच सेंटीमीटरपलीकडे क्वचित जाते, आणि फुलांना वासही आहे.