पार्श्वभूमी : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलांना बोलतं कोणी केलं?

अमेरिकेतली कृष्णवर्णीय तरुण मुलं आपली ओळख, आपला समाज, पुढची स्वप्नं यांबद्दल मोकळेपणानं बोलू लागली की त्याचं मूळ बहुतेक वेळा २०१३च्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या वंशभेदविरोधी चळवळीत शोधलं जातं, फार तर १९६०च्या दशकात. माझ्या मते सुरुवात त्याहून बरीच जुनी आहे, आणि ती एका बालमासिकात आहे.

१९१९च्या उन्हाळ्यात शिकागो, वॉशिंग्टनसह अनेक शहरांत वांशिक दंगली उसळल्या. कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांच्या ‘द क्रायसिस’ मासिकाला जमावानं केलेल्या हत्यांच्या बातम्या छापणं भाग होतं. पण या बातम्या मुलंही वाचत होती. ‘गोरे माझा जितका द्वेष करतात, तितकाच मीही त्यांचा करते,’ अशा अर्थाचं बारा वर्षांच्या एका मुलीचं पत्र आलं आणि द्यु बॉइस हादरले. सत्य लपवायचं नाही, पण मुलांच्या मनात विषही कालवायचं नाही, या पेचातून जानेवारी १९२०मध्ये ‘द ब्राउनीज बुक’ हे बालमासिक निघालं. त्याची साहित्यिक बाजू लेखिका जेसी फॉसेट यांनी सांभाळली.

त्यातला पत्रव्यवहार आजही वाचण्यासारखा आहे. मोठेपणी घरांचे आराखडे काढायचे ठरवलेल्या एका मुलाला एक गोरा मुलगा हसला : कृष्णवर्णीय मुलं घरं काढत नाहीत. का काढत नाहीत, एवढंच त्यानं संपादकांना विचारलं. पुढे नामवंत कवी झालेल्या लँग्स्टन ह्यूजच्या सुरुवातीच्या कविता याच मासिकात आल्या; तेव्हा तो नुकताच शाळेतून बाहेर पडला होता. पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत आणि २४ अंकांनंतर, डिसेंबर १९२१मध्ये मासिक बंद पडलं.

१९४०च्या सुमारास केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्यानं मुलांपुढे गोऱ्या आणि तपकिरी बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, वाईट कोणती, तुझ्यासारखी कोणती? बऱ्याच कृष्णवर्णीय मुलांनी चांगली म्हणून गोरी बाहुली उचलली. शाळांतलं वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या संशोधनाचा हवाला दिला. प्रयोग गाजला, त्याचा उपयोगही झाला. पण त्यात मुलं फक्त बोट दाखवतात, स्वतः बोलत नाहीत. म्हणून मला घरं काढू पाहणाऱ्या त्या मुलाचं पत्रच जास्त मोलाचं वाटतं.

पुढे कोणी आपल्याला विचारेल याची वाट मुलं बघत बसली नाहीत. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या ग्रीन्सबरोत चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसले. मे १९६३मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅमची शाळकरी मुलं वर्णविभाजनाविरुद्ध वर्ग सोडून रस्त्यावर आली. पोलिसांनी त्यांच्यावर कुत्रे सोडले, पाण्याचे जोरदार फवारे मारले. १९६६मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी ब्लॅक पँथर पक्ष काढला. त्याचंच नाव घेऊन १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या हत्येचं मोबाइलवर चित्रण केलं तेही एका १७ वर्षांच्या मुलीनं. दरम्यान शाळांमध्ये वाद कृष्णवर्णीय मुलांच्या केसांवरून चालू राहिले : वेण्या, जटा, आफ्रो चालतील की नाही? केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा २०१९मध्ये सर्वप्रथम कॅलिफोर्नियानं केला. देशभरासाठीचं तसंच विधेयक मार्च २०२२मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात संमत झालं, पण सिनेट या दुसऱ्या सभागृहात अडकलं.