प्रत फुकट, दुरुस्ती महाग: डिजिटल जोखमीचे आणि व्यवसायाचे गणित

संगणकाच्या प्रोग्रामची पहिली प्रत तयार करायला शेकडो माणसांचे कित्येक वर्षांचे श्रम लागू शकतात, पण त्याच्या दुसऱ्या किंवा दहा लाखाव्या प्रतीला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात तो इथे शून्याला टेकतो आणि डिजिटल व्यवसायाची बरीचशी भरभराट या एकाच गोष्टीतून झालेली आहे. एकदा नीट जमलेली वस्तू पुन्हा घडवत बसण्याचे कारण उरत नाही. जो तो ती उचलून आपल्या कामाला जोडतो. त्यामुळे बँक, रुग्णालय, विमान कंपनी आणि मोबाइलवरचा खेळ यांच्या आत डोकावले, तर वरवर काहीही साम्य नसलेल्या या व्यवस्थांच्या पोटात तेच ते भाग सापडतात: संदेश कूटबद्ध करणारी तीच प्रणाली, नोंदी ठेवणारा तोच छोटासा प्रोग्राम, भाड्याने घेतलेले तेच सर्व्हर.

भाड्याच्या सर्व्हरची गोष्ट तर फार जुनीही नाही. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये डेटा साठवण्याची आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संगणकशक्ती तासाच्या दराने देण्याची सेवा सुरू केली. तोपर्यंत नवा उद्योग काढणाऱ्याला वर्षातल्या सर्वांत गर्दीच्या दिवसाचा अंदाज बांधून तेवढी यंत्रे आधीच विकत घ्यावी लागत आणि उरलेले दिवस ती बहुतांशी रिकामी राहत. ठरावीक खर्चाचे रूपांतर वापरानुसार येणाऱ्या खर्चात झाल्यावर दोन-चार माणसांच्या कंपनीलाही लाखो ग्राहकांना सेवा देणे शक्य झाले. ही संधी खरी आहे, पण तिच्या पोटात एक संख्याशास्त्रीय गोम आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचा हिशोब लागत नाही.

समजा, १०० कंपन्या आहेत आणि प्रत्येकीची स्वतःची यंत्रणा आहे. कोणतीही यंत्रणा एखाद्या दिवशी बंद पडण्याची शक्यता १ टक्का धरू आणि एकीच्या बिघाडाचा दुसरीशी संबंध नाही असे मानू. मग रोज सरासरी एक कंपनी बंद असेल, कधी दोन, कधी एकही नाही. दहा किंवा अधिक कंपन्या एकाच दिवशी बंद पडणे हजारो वर्षांतून एखाद्या वेळीच घडेल. आता या शंभरही कंपन्या एकाच पुरवठादाराच्या यंत्रणेवर गेल्या आणि ती यंत्रणा दहापट भरवशाची निघाली, म्हणजे बंद पडण्याची शक्यता हजारात एक एवढीच उरली. सरासरी नुकसान दहापटीने घटले, तेव्हा प्रत्येक कंपनीच्या दृष्टीने हा व्यवहार फायद्याचाच झाला. मात्र दर पावणेतीन वर्षांनी साधारण एक दिवस असा येईल की शंभरच्या शंभर कंपन्या एकदम बंद असतील. सरासरी सुधारली आणि टोक बिघडले. व्यवस्थापकांच्या अहवालांत बहुधा सरासरीच असते, त्यामुळे हे टोक दिसायला प्रत्यक्ष तो दिवस उजाडावा लागतो.

१९ जुलै २०२४ हा तसा दिवस होता. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचा फाल्कन हा प्रोग्राम मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांवर पहारा देतो आणि नव्या हल्ल्यांची लक्षणे त्याला ओळखता यावीत म्हणून छोट्या माहिती-फाइली वरचेवर पाठवल्या जातात. त्या दिवशी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ४ वाजून ९ मिनिटांनी गेलेल्या फाइलीत एका तपासणीसाठी २१ रकाने होते, तर संगणकांवर बसवलेला प्रोग्राम त्या तपासणीला २० मूल्येच पुरवत होता. ही विसंगती काही महिने तशीच पडून होती, पण आधीच्या फाइलींत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ अशी खूण असल्यामुळे तो रकाना प्रत्यक्षात वाचलाच जात नव्हता. या फाइलीने पहिल्यांदाच तिथे नेमके मूल्य मागितले. प्रोग्रामने स्मृतीत आपल्या हद्दीबाहेरची जागा वाचण्याचा प्रयत्न केला आणि तो विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने एकटा कोसळण्याऐवजी अख्खा संगणक घेऊन कोसळला.

कंपनीने ती फाइल ७८ मिनिटांत मागे घेतली. तोवर मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार ८५ लाख संगणक बंद पडलेले होते. विंडोजवर चालणाऱ्या एकूण यंत्रांच्या तुलनेत हे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी भरते, पण ती यंत्रे विमानतळ, रुग्णालये आणि बँका यांची होती. एकट्या डेल्टा एअर लाइन्सला पुढच्या काही दिवसांत सुमारे ७,००० उड्डाणे रद्द करावी लागली. फाइल मागे घेतल्याने आधीच पडलेल्या संगणकांना काहीच लाभ झाला नाही, कारण जो संगणक सुरूच होत नाही त्याला दुरुस्ती पाठवायची कुठून? बहुतेक ठिकाणी कर्मचाऱ्यांना एकेका यंत्रासमोर बसून ते सेफ मोडमध्ये, म्हणजे अगदी आवश्यक तेवढेच भाग सुरू करून, चालू करावे लागले, ती फाइल शोधून पुसावी लागली आणि ज्यांची डिस्क कूटबद्ध होती तिथे त्याआधी ४८ अंकी किल्ली टंकित करावी लागली.

माझ्या मते संपूर्ण विषयाची मेख इथे आहे. चूक पसरते ती शून्य सीमांत खर्चाने, पण तिची दुरुस्ती मात्र नगावर होते आणि प्रत्येक नगाचा खर्च पुरा द्यावा लागतो. डिजिटल जोखमीतून जे नवे व्यवसाय उभे राहत आहेत, ते जवळजवळ सगळे या दोन खर्चांमधल्या दरीत उभे आहेत.

ही दरी किती रुंद असू शकते, हे जून २०१७ मधल्या नॉटपेट्या हल्ल्यात दिसले होते. युक्रेनमध्ये हिशोबासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या प्रोग्रामच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी आपला विध्वंसक प्रोग्राम घुसवला. विंडोजमधल्या ज्या दोषाचा त्याने पुढे पसरण्यासाठी उपयोग केला, त्याचे पॅच, म्हणजे तो दोष बुजवणारे दुरुस्तीचे तुकडे, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेले होते. पण पॅच उपलब्ध असणे आणि ते प्रत्येक यंत्रावर बसलेले असणे यांत नेहमीच अंतर राहते. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले आणि तिने आपले नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर असल्याचे सांगितले. कंपनीच्या संगणकजाळ्यातील सर्व खात्यांची नोंद ठेवणारे सर्व्हर जगभर एकमेकांच्या प्रती राखत होते, म्हणून ते सगळे एकदमच गेले. घानामधला एक तेवढा वाचला, तो हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटलेला होता म्हणून.

एवढी मोठी जोखीम असेल तर तिचा विमा निघणारच, असे कोणालाही वाटेल. निघतोही, पण विम्याचे शास्त्र ज्या गृहीतकावर उभे आहे तेच इथे डळमळते. आगीचा विमा चालतो, कारण एका शहरातल्या घराला लागलेली आग दुसऱ्या खंडातल्या घरापर्यंत पोहोचत नाही. हजारो ग्राहकांचे हप्ते त्यातल्या मोजक्या दुर्दैवी लोकांना पुरतात. सामाईक प्रोग्राममधला दोष मात्र सर्व खंडांतल्या ग्राहकांना एकाच तासात गाठतो आणि ग्राहकांची संख्या वाढवून विमा कंपनीची जोखीम फारशी पातळ होत नाही. त्यातून वादही झाले. नॉटपेट्याचा फटका बसलेल्या मर्क या औषध कंपनीने सुमारे १४० कोटी डॉलरचा दावा केला, तेव्हा विमा कंपन्यांनी युद्धजन्य हानी वगळणाऱ्या कलमाचा आधार घेतला. न्यू जर्सीच्या न्यायालयाने तो मान्य केला नाही, २०२३ मध्ये अपिलातही मर्कचीच बाजू टिकली आणि जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. दरम्यान लंडनच्या लॉइड्स विमाबाजाराने ३१ मार्च २०२३ पासून सायबर विम्यात राष्ट्रांच्या पाठबळाने होणारे हल्ले वगळणारे स्पष्ट कलम सक्तीचे केले. दुसरीकडे बीझ्ली या विमा कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये ४.५ कोटी डॉलरचे सायबर आपत्ती रोखे आणले; मोठी आपत्ती आली तर गुंतवणूकदारांचे पैसे भरपाईत जातील, न आल्यास त्यांना चांगले व्याज मिळेल. चक्रीवादळांसाठी रूढ असलेली ही युक्ती आहे, पण चक्रीवादळाला भूगोल असतो आणि सदोष अपडेटला नसतो, हे त्यात पैसे घालणाऱ्याने विसरू नये.

विम्यापेक्षा सामाईक भागांची निगा राखण्याचा व्यवसाय मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे आजवर कमालीची कंजुषी झाली आहे. इंटरनेटवरचा फार मोठा व्यवहार ज्या ओपनएसएसएल या खुल्या, म्हणजे कोणालाही फुकट वाचता-वापरता येणाऱ्या, प्रणालीने सुरक्षित होतो, तिच्यात एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघड झाला, तेव्हा तिच्या संस्थेला वर्षाला जेमतेम २,००० डॉलरच्या देणग्या मिळत होत्या. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या नोंदी ठेवणाऱ्या भागातला दोष सापडल्यावर असंख्य कंपन्यांना आधी हे शोधावे लागले की तो भाग आपल्याकडे नेमका कुठे कुठे आहे. मार्च २०२४ मध्ये तर एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या भागात हेतुपुरस्सर ठेवलेली चोरवाट सापडली. ती घालणाऱ्याने त्या प्रकल्पात दोनेक वर्षे इमानदारीने काम करून विश्वास कमावला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या यंत्रावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे अशी शंका आली आणि तिचा माग काढताना हे प्रकरण बाहेर पडले.

प्रत्येक प्रोग्रामसोबत त्यातल्या सर्व घटकांची यादी देणे, त्या यादीवर लक्ष ठेवून दोष जाहीर होताच ग्राहकाला कळवणे, पॅच आधी थोड्या यंत्रांवर चालवून मगच सर्वत्र पाठवणे, बॅकअप खरोखर परत उभा राहतो का हे वेळोवेळी तपासून देणे, दोष शोधून कळवणाऱ्यांना बक्षीस देणे: ही सगळी कामे आज विकली जातात. दिसायला ती चमकदार नाहीत, पण त्यांना मागणी आहे.

आता नक्कल करण्याचा सीमांत खर्च माणसाच्या आवाजाच्या आणि चेहऱ्याच्या बाबतीतही घसरला आहे. २०२४ च्या सुरुवातीला अरुप या अभियांत्रिकी कंपनीच्या हाँगकाँगमधल्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांचे चेहरे पाहून २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले. ते चेहरे कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले होते. इथून पुढे ‘पाहिले’ किंवा ‘ऐकले’ हा पैसे पाठवण्याचा आधार राहू शकत नाही आणि ओळखीची खातरजमा दुसऱ्या मार्गाने करून देणाऱ्या सेवांना भाव येईल.

सर्वांत मोठे ठरलेले काम मात्र कूटलेखनाच्या पायाचे आहे. मोठा आणि स्थिर क्वांटम संगणक, म्हणजे अणुपातळीवरच्या भौतिक नियमांचा उपयोग करून गणित करणारे यंत्र, मिळाल्यास आजच्या सार्वजनिक किल्लीच्या पद्धती, म्हणजे आधी गुप्त खूण न ठरवताही संदेश कूटबद्ध करू देणाऱ्या पद्धती, फुटतील, हे पीटर शोर यांनी १९९४ मध्ये गणिताने दाखवून दिले होते. तसा संगणक अजून झालेला नाही, पण आज चोरून साठवलेले संदेश उद्या उलगडता येतील, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नव्या पद्धतींची तीन मानके प्रसिद्ध केली. जुनी पद्धत कुठे वापरली आहे ते शोधून बदलण्याचे काम बहुतेक प्रत्येक संस्थेला करावे लागेल.

कायदाही आता प्रत आणि दुरुस्ती यांच्या खर्चांमधल्या त्या दरीकडे वळला आहे. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या युरोपीय संघाच्या सायबर लवचीकता कायद्याच्या मुख्य अटी डिसेंबर २०२७ पासून लागू होतील. जाळ्याला जोडता येणारे उपकरण विकणाऱ्याला त्याच्या अपेक्षित वापरकाळात, म्हणजे साधारणपणे किमान पाच वर्षे, सुरक्षेचे दोष दुरुस्त करत राहावे लागेल. नफ्याशिवाय खुले प्रोग्राम लिहिणाऱ्यांना त्यातून वगळले आहे, हे योग्यच झाले. स्वस्त कॅमेरा किंवा राउटर बनवणाऱ्या कंपनीसमोर यातून दोन मार्ग उरतात: पाच वर्षे पॅच काढत राहणारी माणसे स्वतः पदरी ठेवायची, किंवा हे काम अनेक उत्पादकांसाठी एकत्र करणाऱ्या एखाद्या कंपनीला द्यायचे. दुसरा मार्ग स्वस्त असल्याने बहुतेक जण तोच धरतील असे मला वाटते, आणि मग पॅच पाठवण्याचे कामही पुन्हा मोजक्या सामाईक हातांत जाईल.