बंद पडलेला फ्रीज आणि चालू असलेला पंखा

घरातले उपकरण जुने झाले की ते दुरुस्त करावे की बदलावे, हा प्रश्न बहुतेक घरांत एकाच कसोटीवर सोडवला जातो. चालते आहे तोवर राहू द्यायचे आणि बंद पडले की नवे आणायचे. ही कसोटी सोपी आहे, मात्र ती पुष्कळदा उलटा कौल देते. बंद पडलेला दहा वर्षांचा फ्रीज अनेकदा दुरुस्त करण्यासारखा असतो, आणि वीस वर्षे विनातक्रार फिरणारा छताचा पंखा बदलण्यासारखा झालेला असतो. उपकरण बिघडणे आणि ते वापरायला महाग पडू लागणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिली लगेच कळते, कारण काम अडते. दुसरी दरमहा विजेच्या बिलात मिसळून जात असल्यामुळे लक्षातच येत नाही. फ्रीज आणि पंखा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर हा फरक नीट उलगडतो.

आधी फ्रीज. त्याच्या बिघाडांचे दोन गट पडतात, आणि दुरुस्तीचा खर्च बराचसा यावरच ठरतो की बिघाड कोणत्या गटातला आहे. फ्रीजमध्ये गॅस एका बंद नळीमार्गातून फिरत असतो: गॅस दाबून पुढे ढकलणारा कॉम्प्रेसर, मागची किंवा बाजूच्या पत्र्याआडची गरम होणारी नळी, फिल्टर आणि आतली गार होणारी जाळी. हा बंद मार्ग म्हणजे फ्रीजचा गाभा. कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले, तो फार तापला तर वीज तोडणारा ओव्हरलोड, गारवा ठरवणारा थर्मोस्टॅट, दाराचे रबर, आतला पंखा, बर्फ वितळवणारा हीटर आणि त्याचा सेन्सर हे सगळे भाग या मार्गाच्या बाहेर असतात. बाहेरचा भाग गेला तर तो बदलून काम भागते आणि गॅसला हात लावावा लागत नाही. गाभ्यात बिघाड झाला तर काम वाढते, खर्चही वाढतो.

अडचण अशी की दोन्ही गटांतल्या बिघाडांची लक्षणे सारखीच दिसतात. दोन दारांच्या फ्रीजमध्ये वर बर्फ जमतो आहे, पण खालच्या कप्प्यात दूध नासू लागले आहे, ही नेहमीची तक्रार घ्या. ती ऐकताच ‘गॅस गेला’ असे निदान फोनवरच सांगणारे मेकॅनिक कमी नाहीत. फ्रीजरच्या मागचे प्लास्टिकचे झाकण काढले की खरी गोष्ट बहुतेक वेळा दिसते. संपूर्ण जाळी जाड बर्फाखाली गाडली गेली असेल, तर गॅस जागेवर असण्याची शक्यता अधिक; बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद पडली आहे आणि बर्फाने हवेची वाट अडवली आहे. जाळीच्या सुरुवातीच्याच एकदोन वेटोळ्यांवर हिम असून बाकीची जाळी कोरडी असेल, तर मात्र गॅस कमी झाल्याचा संशय रास्त आहे. पहिल्या दुरुस्तीचा खर्च हजार-दोन हजारांच्या घरात राहतो. दुसरीचा त्याच्या दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. म्हणून झाकण न उघडता सांगितलेले निदान मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गॅसबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. फ्रीजमधला गॅस वापरून संपत नाही. स्वयंपाकाच्या सिलिंडरप्रमाणे तो जळत नाही; त्याच बंद मार्गात वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरून घेणे म्हणजे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तेच पैसे पुन्हा देणे होय. रीतसर काम करणारा मेकॅनिक नळीत दाब देऊन सांध्यांवर साबणाचा फेस लावतो, बुडबुडे कुठे येतात ते पाहतो, गळती बंद करतो, फिल्टर बदलतो, व्हॅक्यूम पंपाने नळीतली हवा व ओल काढतो आणि मगच वजन करून गॅस भरतो. गळती उघड्या नळीवर असेल तर हे सारे सार्थकी लागते. ती फ्रीजच्या भिंतीतल्या फोममध्ये दडलेल्या नळीवर असेल, तर दुरुस्तीचा नाद सोडलेला बरा. एका दाराच्या फ्रीजमध्ये बर्फ सुटावा म्हणून सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर खुपसून फ्रीजरच्या पत्र्यालाच भोक पाडल्याची उदाहरणे तर घरोघरी सापडतील. तिथे चिकटवलेले ठिगळ फार काळ टिकेल याची खात्री नसते.

गॅस कोणता आहे, हेही पाहावे; मागच्या पट्टीवर ते लिहिलेले असते. आर-१२ असेल, तर ओझोनच्या थराला हानी पोहोचवणारा तो गॅस मॉन्ट्रियल करारानुसार भारतात २०१० पासून बंद झालेला आहे. अशा फ्रीजच्या गाभ्यावर खर्च करण्यात अर्थ नाही. अलीकडच्या पुष्कळ फ्रीजमध्ये आर-६००ए असतो. तो ज्वलनशील आहे. प्रमाण थोडे असते, नेहमीच्या वापरात धोका नसतो, पण नळी उघडून तिच्यापाशी ज्योत पेटवताना त्याची जाण असलेलाच मेकॅनिक हवा.

आता पंखा. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा पूर्ण वेगाला साधारण ७५ वॅट वीज घेतो. तो बिघडतो तेव्हाही बिघाड क्षुल्लक असतो. पंखा हळू फिरू लागला किंवा हाताने ढकलल्यावरच सुरू होऊ लागला, तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो, ज्याला इलेक्ट्रिशियन कंडेन्सर म्हणतात. शे-दीडशे रुपयांत काम होते. घरघर होत असेल तर बेअरिंग बदलावे लागते. वाइंडिंग जळले तर ते नव्याने करून मिळते. म्हणजे दुरुस्तीच्या दृष्टीने पंख्याइतके सोयीचे उपकरण दुसरे नाही, आणि म्हणूनच तो घरात वर्षानुवर्षे टिकून राहतो.

पण त्याचा हिशोब करून पाहा. बीएलडीसी मोटरचा, म्हणजे ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालणाऱ्या मोटरचा नवा पंखा तेवढाच वारा सुमारे ३० वॅटमध्ये देतो. फरक ४५ वॅटचा. पंखा रोज १२ तास आणि वर्षातले ३०० दिवस चालत असेल, तर वर्षाला १६२ युनिट वाचतात. युनिटचा दर १० रुपये धरला तर १,६२० रुपये होतात. नव्या पंख्याची किंमत २,८०० रुपये धरली, तर ती दोन वर्षांच्या आतच भरून निघते. इथे दर कोणता धरावा याला महत्त्व आहे. महावितरणची घरगुती आकारणी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० अशा चढत्या टप्प्यांत होते, त्यामुळे वाचलेले युनिट हे तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून वजा होतात. एकूण बिलाला एकूण युनिटने भागून काढलेला सरासरी दर इथे उपयोगाचा नाही. ज्या घराचा वापर मुळातच शंभर युनिटच्या आत आहे, तिथे हा फायदा बराच कमी होतो. पाहुण्यांच्या खोलीत आठवड्यातून दोन तास फिरणारा पंखा बदलण्याचेही काही कारण नाही. त्याचा कंडेन्सर बदलावा आणि तो फिरू द्यावा.

नव्या पंख्याची एक दुखरी बाजू आहे, ती विक्रेता सांगणार नाही. त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, आणि ते गेले की कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन सहसा काही करू शकत नाही. त्या कंपनीचेच सर्किट मिळवावे लागते. वीज कमी-जास्त होणाऱ्या गावांत ही शक्यता लक्षात घेऊन वॉरंटी पाहावी. भिंतीवरचा जुना रेग्युलेटरही या पंख्याला चालत नाही, तो बाजूला काढून पंखा सरळ जोडून घ्यावा लागतो.

हाच हिशोब फ्रीजला लावला की चित्र पालटते. समजा, दहा वर्षांचा दोन दारांचा फ्रीज वर्षाला ३०० युनिट घेतो आणि तेवढ्याच आकाराचा नवा २०० युनिट. वर्षाची बचत १०० युनिट, म्हणजे हजार रुपये. नवा फ्रीज २६,००० रुपयांचा असेल, तर विजेच्या बचतीतून ती रक्कम वसूल व्हायला २६ वर्षे लागतील. तेवढा तो फ्रीज टिकणारही नाही. तेव्हा नुसत्या विजेसाठी चालता फ्रीज बदलू नये. ऊर्जा दक्षता ब्युरोची तारांकित लेबले २००६ साली सुरू झाली. त्याआधीच्या दोन दारांच्या फ्रीजचा वापर याहून पुष्कळ जास्त असू शकतो, आणि तो अंदाजाने ठरवण्यापेक्षा प्लगला लावायचा वीजमापक दिवसभर लावून मोजलेला चांगला. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती अलगद ओढून निघत असेल, तर गारवाही तिथूनच निसटतो आहे, आणि रबर बदलण्यावर भागण्याजोगे आहे.

मोठी दुरुस्ती निघाली की लोक एक प्रचलित नियम सांगतात: खर्च नव्या वस्तूच्या निम्म्याहून कमी असेल तर दुरुस्त करा. मला हा नियम अपुरा वाटतो, कारण त्यात पुढे किती वर्षे मिळणार याचा विचारच नाही. वरच्याच फ्रीजचा कॉम्प्रेसर बदलायला ८,००० रुपये लागणार असतील आणि त्यानंतर तो चार वर्षे चालेल असे धरले, तर वर्षाला २,००० रुपये पडतात. नवा फ्रीज बारा वर्षे चालला तर वर्षाला सुमारे २,१७० रुपये, आणि त्यातून विजेचे हजार वजा केले की १,१७० उरतात. नियमाप्रमाणे दुरुस्ती करायला हवी होती. हिशोब नवा घ्या म्हणतो. तोच फ्रीज पाच वर्षांचा असेल आणि कॉम्प्रेसर वॉरंटीत असेल, तर उत्तर पुन्हा बदलते. तिथे गॅस, मजुरी आणि येण्याजाण्याचा आकार तेवढा खिशातून जातो. वॉरंटीतल्या ‘दहा वर्षे’ या शब्दांचा अर्थ बहुधा फक्त कॉम्प्रेसरपुरता असतो, हे मात्र आधीच वाचून ठेवावे.

बाकीच्या उपकरणांनाही गाभा आणि बाहेरचे भाग ही विभागणी लागू पडते. गीझरचे एलिमेंट आणि थर्मोस्टॅट बदलता येतात, आतली टाकीच गळू लागली की गीझर संपला. मिक्सरचे कार्बन ब्रश आणि कपलर ही किरकोळ कामे आहेत. धुलाई यंत्राचा पट्टा किंवा ड्रेन व्हॉल्व्ह बदलावा. ड्रमचे बेअरिंग गेले असेल आणि टब न उघडता येणारा, सांधलेला असेल, तर खर्च आधी लेखी घ्यावा. सुटे भाग मिळण्यावरच अखेर पुष्कळसे अवलंबून असते. ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले असून, कंपन्यांची दुरुस्तीविषयक माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू आहे. जुन्या मॉडेलचे सर्किट बाजारात नसेल, तर मात्र वरचे सारे हिशोब बाजूला ठेवून बदलावेच लागते.

नवा फ्रीज आल्यावर जुन्याचे काय करायचे, हे त्याच दिवशी ठरवावे, आणि तो अधिकृत ई-कचरा संकलकाकडे किंवा विक्रेत्यामार्फत घराबाहेर गेलेला पाहावा. पुष्कळ घरांत तो चालू स्थितीत असल्यामुळे टाकवत नाही आणि थंड पाण्याच्या बाटल्यांसाठी गॅलरीत जातो. मग आधीचे ३०० आणि नवे २०० असे मिळून ५०० युनिट होतात, आणि वर्षाचे बिल शंभर युनिटने कमी होण्याऐवजी दोनशे युनिटने वाढते.