पिल्लाची पहिली डमी
रिट्रीव्हर पिल्लू पाळणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पाकिटात दोन वस्तू आहेत: 225 ग्रॅमची लहान कॅनव्हास डमी (फेकलेली वस्तू परत आणायला शिकवण्यासाठीची, आत भरण असलेली कापडी वस्तू) आणि 5 मीटरची हलकी नायलॉनची दोरी. पिल्लू बारा आठवड्यांच्या आतले असेल तर डमी तूर्त कपाटात ठेवा. तोवर मोज्यांचा गोळा पुरतो. एका जाड मोज्यात दोन-तीन मोजे कोंबून तोंडाशी घट्ट गाठ मारा. गोळा पिल्लाला तोंडात धरता यावा, पण गिळता येऊ नये एवढा मोठा हवा. लॅब्रॅडॉर आणि गोल्डन, दोघेही मोजे गिळण्यात पटाईत. गिळलेला मोजा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. म्हणून खेळ संपला की गोळा उचलून ठेवायचा. मोजा गिळल्याची शंका आली तर वाट न पाहता पशुवैद्याकडे जा.

शिकारीत पाडलेला पक्षी न चिरडता आणून देणे, हे या जातींचे मूळ काम. वस्तू तोंडात धरण्याची ओढ त्यांच्यात उपजतच असते, त्यामुळे फेकलेल्या वस्तूमागे धावायला सहसा शिकवावे लागत नाही. शिकवायचे असते ते वस्तू घेऊन तुमच्याकडे येणे. बहुतेक घरांत हे डमी हातात येण्याआधीच बिघडलेले असते, आणि त्याला कारण असते चप्पल. पिल्लू चप्पल उचलते, घरातले ओरडत मागे धावतात, सापडले की जबडा उघडून चप्पल काढून घेतात. पिल्लू यातून एवढेच शिकते की तोंडात काही असताना माणसापासून लांब राहावे.

तेव्हा चप्पल पळवली तरी रागावू नका. खाली बसा, हसऱ्या आवाजात हाक मारा, जवळ आले की छातीवर आणि पाठीवर हात फिरवा. वस्तूला लगेच हात लावू नका. पाच-दहा सेकंद ती त्याच्याच तोंडात राहू द्या. मग हनुवटीखाली हात धरून शांतपणे काढून घ्या. चप्पल थोडी ओली होईल, होऊ द्या. चपला कपाटात ठेवणे हे माणसांचे काम आहे.

फेकायला सुरुवात घरातल्या अरुंद पॅसेजमध्ये करा. फरशी गुळगुळीत असेल तर आधी सतरंजी अंथरा. सगळी दारे बंद करा, पिल्लाचे अंथरूण एका टोकाला ठेवा आणि अंथरुणाकडे पाठ करून जमिनीवर बसा. तोंडात वस्तू आली की पिल्लू ती घेऊन स्वतःच्या जागेकडे निघते. वाटेत तुम्ही बसलेले असता. एका हाताने पिल्लाला छातीशी अलगद धरा, दुसऱ्या हाताने गोळा त्याच्या नाकापुढे दोन-तीनदा हलवा आणि दीड-दोन मीटरवर जमिनीलगत सरपटत टाका. गोळा थांबायच्या आत पिल्लाला सोडा, कारण या वयात त्याला हलणारी वस्तू खेचते. फेकल्यावर थांबून राहण्याची शिस्त पुढे शिकवायची आहे, आता त्याची घाई नको. पिल्लू जात असताना गप्प राहा. गोळा उचलला की एकदाच नावाने हाक मारा.

दोन वेळा फेका, फार तर तीन. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. तिसऱ्यांदा पिल्लू झकास आणते, म्हणून चौथ्यांदा फेकावेसे वाटते. नेमके तेव्हा थांबा. चौथ्या-पाचव्या वेळी कंटाळलेले पिल्लू गोळा वाटेत टाकते किंवा तिथेच बसून चघळते, आणि शेवटी जे घडते ते लक्षात राहते. डमी खेळण्यांच्या टोपलीत ठेवू नका, तेही याच कारणासाठी. रोज समोर पडलेल्या वस्तूचे अप्रूप राहत नाही.

पिल्लू अर्ध्या वाटेत वस्तू टाकत असेल तर आधी स्वतःकडे पाहा. तुम्ही उभे राहून त्याच्यावर वाकत असाल, किंवा हात फार लवकर पुढे करत असाल. उलट दिशेने वळून तीन-चार पावले दूर जा आणि हाक मारा. दूर जाणाऱ्या माणसामागे पिल्लू आपोआप येते. हातातला खाऊ आधीच दिसला तरीही पिल्लू वस्तू वाटेत टाकते: खाऊसाठी तोंड रिकामे करणे पिल्लाच्या दृष्टीने शहाणपणाचेच. खाऊ द्यायचाच असेल तर वस्तू तुमच्या हातात आल्यानंतर खिशातून काढा.

बाजूला पळून जाणाऱ्या पिल्लासाठी दोरी आहे. ती हार्नेसला अडकवा आणि जमिनीवर मोकळी सरपटू द्या. टोकाला मूठ मुद्दाम ठेवलेली नाही, कारण मूठ झुडपात किंवा टेबलाच्या पायात अडकते. पिल्लू निसटू लागले की दोरीवर पाय ठेवा आणि हाक मारा. दोरीला हिसका देऊ नका. हिसका बसताच ते तोंडातली वस्तू सोडते. दोरी बांधलेल्या पिल्लाला एकटे सोडू नका.

पिल्लू गेलेच नाही, तर बहुधा ते पेंगत असते किंवा नुकतेच जेवलेले असते. आग्रह करू नका. गोळा तुम्हीच उचला, थोडा वेळ स्वतःशीच उडवत बसा आणि खिशात घाला. उद्या बघू.

साधारण चार ते सहा-सात महिन्यांच्या दरम्यान दुधाचे दात पडून नवे येतात. हिरड्या दुखत असताना कॅनव्हास तोंडात धरणे नकोसे होते. डमीवर रक्ताचा डाग दिसला किंवा पिल्लू ती उचलून लगेच टाकू लागले, तर दोन-तीन आठवडे फेकणे बंद ठेवा.

बाहेर आखूड गवतावर सुरुवात करा, अंतर पुन्हा दोन मीटरच. डमी पांढरी आहे, कारण हिरव्या गवतावरचा लाल रंग कुत्र्याला नीट वेगळा दिसत नाही. उंच फेकू नका. हवेत उडी मारून वळण्याचा ताण कोवळ्या सांध्यांवर येतो, आणि मोठ्या जातींमध्ये हाडांची वाढ पुरी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते.

काठी फेकू नका. तिचे टोक घशात घुसू शकते. टेनिसचा चेंडू रोजच्या वापराला नको. त्याच्या लोकरीत माती बसते आणि दात झिजतात. रस्सीखेच खेळायची असेल तर दुसरे खेळणे घ्या. डमी ओढून घेण्याची सवय लागली की पिल्लू ती घट्ट चावून धरते.

वापरानंतर डमी पूर्ण वाळवा, नाहीतर बुरशी धरते. शिवण उसवून भरण दिसू लागले तर डमी फेकून द्या. 450 ग्रॅमची मोठी डमी पक्के दात आल्यानंतर, आणि पिल्लू लहान डमी मधोमध धरून न टाकता आणू लागल्यावरच घ्या.