सायकलसाठी विद्युत मोटर-संचाची निवड

नेहमीच्या सायकलला मोटर, कंट्रोलर, बॅटरी आणि पेडलची हालचाल ओळखणारा सेन्सर जोडून ती विजेच्या साहाय्याने चालवता यावी, यासाठी जो संच मिळतो त्याला बाजारात ‘कन्व्हर्जन किट’ किंवा नुसते ‘किट’ म्हणतात. कल्पना जुनी आहे. ऑग्डेन बोल्टन यांनी मागच्या चाकाच्या तुंब्यातच मोटर बसवलेल्या सायकलचे अमेरिकी पेटंट १८९५ मध्ये घेतले होते. पायाच्या जोराला मोटरच्या जोराची साथ देणारी सायकल यामाहा कंपनीने १९९३ मध्ये जपानच्या बाजारात आणली. हलक्या लिथियम बॅटऱ्या आवाक्यात आल्यावर मात्र घरच्या जुन्या सायकलला मोटर बसवून घेणे सर्वसामान्यांना शक्य झाले आणि कोणता संच घ्यावा, हा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला.

खोक्यावर ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो आणि बरीचशी खरेदी त्याच्याकडे पाहूनच होते. वास्तविक एकट्या त्या आकड्यावरून फारसे काही कळत नाही. मोटर न तापता सतत किती भार वाहू शकते, एवढेच तो सांगतो. प्रत्यक्षात बॅटरीतून किती वीज ओढली जाईल हे कंट्रोलर ठरवतो. ३६ व्होल्टच्या बॅटरीवर १५ अँपिअरचा कंट्रोलर असेल, तर ‘२५० वॅट’ असे लिहिलेली मोटरसुद्धा चढावर काही वेळ ५४० वॅटपर्यंत वीज घेते. म्हणून दोन संचांची तुलना करताना व्होल्ट, कंट्रोलरचे अँपिअर आणि न्यूटन-मीटरमध्ये दिलेला टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा पिळाचा जोर, हे तीन आकडे विक्रेत्याकडून मागून घ्यावेत.

निवडीची सुरुवात मोटरपासून करू नये, रोजच्या रस्त्यापासून करावी. स्वार, सायकल आणि संच मिळून १०० किलो वजन धरले, तर सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेग राखायला चाकापाशी साधारण १०० वॅट पुरतात. तीच सायकल शंभर मीटरला सहा मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी १२ किलोमीटरने न्यायची, तर सुमारे २३० वॅट लागतात. वेग जवळजवळ निम्म्यावर येऊनही गरज दुपटीच्या वर जाते. सोलापूर किंवा नागपूरसारख्या बऱ्याचशा सपाट शहरात छान चालणारा संच साताऱ्याच्या यवतेश्वर घाटात दमतो, तो यामुळे. त्यात मोटर खराब असेलच असे नाही.

चाकाच्या तुंब्यात बसणाऱ्या मोटरीला ‘हब मोटर’ म्हणतात व तिचे दोन प्रकार आहेत. गिअरवाल्या हब मोटरीत आतली मोटर वेगाने फिरते आणि नायलॉनच्या दात्यांची लहान चाके तो वेग सुमारे पाच पटींनी उतरवून टॉर्क वाढवतात. तिच्यात फ्रीव्हीलसारखी योजना असल्याने बॅटरी संपली तरी सायकल जड लागत नाही. वजन साधारण २ ते ४ किलो असते. विनागिअर मोटरीत चाक हीच मोटर असते. झिजणारे भाग जवळजवळ नसतात आणि उतारावर थोडी वीज बॅटरीत परतही करता येते, पण ती ४ ते ७ किलोची असते आणि वीज बंद असताना पेडल मारणाऱ्याला तिची चुंबकी ओढ सतत जाणवते. परत मिळणाऱ्या विजेचे कौतुक जाहिरातीत फार होते. सायकलवर ती क्वचितच ५ ते १० टक्क्यांच्या पुढे जाते, तेव्हा केवळ तिच्यासाठी जड मोटर घेण्यात अर्थ नाही.

दोन्ही हब मोटरींची मर्यादा एकच असते. त्यांना सायकलच्या गिअरचा उपयोग होत नाही. जिचा भार नसतानाचा वेग ताशी २८ किलोमीटर आहे अशी मोटर घाटात १० किलोमीटरने रांगू लागली, की घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत जातो. पेडलच्या एक्सलजागी बसणारी ‘मिड-ड्राइव्ह’ मोटर (बाफांग आणि टोंगशेंग या चिनी कंपन्यांची नावे यात नेहमी ऐकू येतात) चेनमधूनच जोर देते, त्यामुळे मागचा मोठा गिअर टाकला की लहान मोटरही दमदार चढते. त्याची किंमत चेन आणि फ्रीव्हील मोजतात. दोन्ही लवकर झिजतात आणि मोटर जोरात असताना गिअर बदलल्यास चेन तुटूही शकते. शिवाय अशा मोटरीसाठी पेडलच्या एक्सलची नळी बहुधा ६८ किंवा ७३ मिलिमीटर रुंद असावी लागते. बिनगिअरच्या सायकलला मिड-ड्राइव्ह लावणे म्हणजे तिचा मुख्य फायदा सोडून देणे होय. याखेरीज डाव्या बाजूने वेगळी चेन आणि फ्रीव्हील लावून चालणारी २४ व्होल्टची ब्रशवाली मोटर भारतात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय आहे. ती स्वस्त आणि कुठेही दुरुस्त होणारी असली, तरी आवाज बराच करते आणि तिच्या कार्बन ब्रशांची झीज ठरलेली असते.

मोटर ठरवण्याआधी सायकल उलटी ठेवून एक्सलच्या खाचा नीट पाहाव्यात. हब मोटरीचा एक्सल दोन्ही अंगांनी चपटा घासलेला असतो आणि तो भाग सुमारे १० मिलिमीटरच्या खाचेत अडकून राहतो. चाक पुढे जायला निघते तेव्हा एक्सल तेवढ्याच जोराने उलटा वळू पाहतो. टॉर्क ४० न्यूटन-मीटर असेल, तर एवढ्याशा जागेत खाचेच्या कडांवर काही हजार न्यूटनचा दाब येतो. चाक धरणारा चिमटा लोखंडी असेल तर तो दाब बहुधा सोसतो. अॅल्युमिनियमचा चिमटा थोडाही वाकल्याची खूण न देता चिरतो, आणि चाक पुढचे असेल तर स्वार तोंडावर आपटतो. म्हणून शॉकअपच्या किंवा अॅल्युमिनियमच्या पुढच्या चिमट्यात हब मोटर बसवू नये, आणि मागे बसवतानाही एक्सलला घट्ट धरून फ्रेमला बांधणारी पोलादी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, लावलीच पाहिजे. संचात ती नसेल तर वेगळी घ्यावी. तिच्यावर काटकसर करू नये.

जुन्या दांडीच्या सायकलींपुढे वेगळाच पेच येतो. त्यांच्या मागच्या रिमला सहसा ४० आणि पुढच्या रिमला ३२ आरे असतात, तर बहुतेक हब मोटरी ३६ भोकांच्या येतात. म्हणजे रिमही नवी घेऊन चाक पुन्हा विणावे लागते. त्यांचे सळईचे ब्रेक या वेगाला अपुरे पडतात आणि ब्रेक दाबताच मोटर बंद करणारा खटका त्यांना सहजी बसत नाही. विणलेल्या चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, पहिल्या पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा काढून घ्यावा, कारण नवे आरे सैल पडतात.

चाकाच्या मापाचाही हिशोब असतो. २६ इंची चाक ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला सुमारे २०० फेरे घेते. तीच मोटर २० इंची चाकात घातली तर वेग कमी होतो, पण चढाची ताकद वाढते. सेन्सरही पाहून घ्यावा. नुसते पेडल फिरते आहे एवढे ओळखणारा सेन्सर स्वस्त असतो, पण मदत क्षणभर उशिरा आणि एकदम देतो. पायाचा दाब मोजणारा टॉर्क सेन्सर महाग असला तरी गर्दीच्या रस्त्यावर सायकल हातात राहते.

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजावी. ३६ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे ३६० वॅट-तास. पेडल मारत सपाटीवर किलोमीटरला ८ ते १५ वॅट-तास लागतात. वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठायची, तर सुमारे ६०० मीटर चढावे लागते. १०० किलो वजन तेवढे उचलायलाच १६० वॅट-तासांहून थोडी अधिक ऊर्जा लागते. स्वाराने तिसरा हिस्सा स्वतः उचलला, तरी मोटरीतली गळती धरून निम्मी बॅटरी एका चढात संपते. बॅटरीच्या बीएमएसची, म्हणजे तिच्या आतल्या संरक्षक सर्किटची, सततची अँपिअर-क्षमता कंट्रोलरपेक्षा जास्त हवी. कोणत्या कंपनीचे सेल आहेत हे सांगू न शकणाऱ्याकडून स्वस्त बॅटरी घेऊ नये. आग लागते ती बहुधा अशाच बॅटरीला किंवा भलत्याच चार्जरमुळे. जिन्याखाली किंवा घराच्या दाराशी बॅटरी चार्जिंगला लावून झोपणे टाळावे, कारण बाहेर पडायची वाट तीच असते.

भारतातील केंद्रीय मोटर वाहन नियमांनुसार मोटरची तीस मिनिटांची शक्ती (सलग अर्धा तास देता येणारी शक्ती) २५० वॅटच्या आत असेल आणि मदत ताशी २५ किलोमीटरला किंवा पेडल थांबताच बंद होत असेल, तर अशी सायकल मोटर वाहन धरली जात नाही; मात्र ही पडताळणी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने केलेली असावी लागते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही त्यांपैकी एक आहे. ‘हजार वॅट, ताशी ४५ किलोमीटर’ अशा संचाने चालणारी सायकल या सवलतीत बसत नाही. तिला नोंदणी, विमा आणि परवान्याचे नियम लागू होतात, आणि त्या वेगाला लागणारे ब्रेक तर साध्या सायकलला नसतातच.