राय: समुद्र दुरावलेले बंदर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ससेक्स परगण्यातले राय हे बंदर पाहायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो तो समुद्र आहे कुठे, हाच. टेकडीवरची लाकडी सांगाड्याची घरे, गोट्यांनी फरसबंद केलेली मरमेड स्ट्रीटची चढण आणि पायथ्याचा धक्का हे सगळे बंदराच्या गावाला शोभेसे आहे. समुद्र मात्र तीनेक किलोमीटर लांब आहे. तो लांब कसा गेला, हीच या गावाची खरी कथा.

मध्ययुगात ही टेकडी भरतीच्या पाण्याने जवळपास वेढलेली असे. त्या काळी तिची मालकी नॉर्मंडीतील फेकाँ येथील मठाकडे होती. फ्रान्सशी सतत वैर असताना असे मोक्याचे बंदर तिथल्या मठाच्या हाती राहू देणे धोक्याचे वाटल्याने तिसऱ्या हेन्रीने 1247 मध्ये ते परत घेतले. मठाकडे राहिलेल्या शेजारच्या जमिनीला ‘राय फॉरेन’ हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे.

इंग्लंडच्या राजाकडे तेव्हा कायमचे आरमार नव्हते. ती उणीव ‘सिंक पोर्ट्‌स’ या बंदरांच्या संघाने भरून काढली. हेस्टिंग्ज, न्यू रॉमनी, हाइद, डोव्हर आणि सँडविच ही त्यातली मूळ पाच बंदरे. राय आणि विंचेल्सी त्यांना पुढे जोडली गेली. संघाने दरवर्षी 57 जहाजे खलाशांसह 15 दिवस राजाच्या चाकरीत विनामोबदला द्यायची आणि बदल्यात करमाफी व स्वतःची न्यायालये चालवण्याचा हक्क मिळवायचा, असा हा व्यवहार होता.

1287 च्या वादळाने या किनाऱ्याचा नकाशाच बदलला. जुने विंचेल्सी समुद्राने गिळले, तर न्यू रॉमनीजवळ समुद्राला मिळणारी रॉदर नदी पात्र बदलून रायपाशी आली. एका बंदराचे मुख बुजले आणि दुसऱ्याचे भाग्य उजळले. या भरभराटीला शत्रूची दृष्ट लागणे ओघानेच आले. 1377 मध्ये फ्रेंचांनी गाव जाळले आणि चर्चच्या घंटाही नेल्या. पुढच्याच वर्षी राय आणि विंचेल्सीच्या लोकांनी नॉर्मंडीवर चाल करून त्या परत आणल्या, असे गावात अभिमानाने सांगितले जाते.

घंटा परत आणता आल्या, समुद्र आणता आला नाही. लाटा या किनाऱ्यावरचे गोटे पश्चिमेकडून पूर्वेकडे सतत ढकलत असतात आणि त्यांचे बांध खाडीच्या तोंडाशी साचतात. त्यात माणसाने भर घातली. भरतीचे पाणी ज्या दलदलीत पसरत असे, तिला जमीनदारांनी बांध घालून मेंढ्यांसाठी कुरणे केली. त्यामुळे आत शिरणारे पाणी घटले, ओहोटीचा जोर कमी झाला आणि त्या जोरावर वाहून जाणारा गाळ जागीच बसू लागला. माझ्या मते रायच्या बंदराचा घात निसर्गाइतकाच या बांधांनी केला, फक्त वादळासारखी त्यांची तारीख सांगता येत नाही.

खाडीच्या तोंडाशी आठव्या हेन्रीने पुरा केलेला कँबर किल्ला याचा साक्षीदार आहे. 1540 च्या दशकात पाण्यावर नजर ठेवणाऱ्या या किल्ल्यातली शिबंदी 1637 मध्ये काढून घेण्यात आली, कारण त्याच्या तोफांच्या टप्प्यात समुद्रच उरला नव्हता. बंदर वाचवण्याचा मोठा प्रयत्न अठराव्या शतकात झाला. समुद्राकडे नवी वाट काढण्याचे काम साठेक वर्षे रखडत चालले, जॉन स्मीटनसारख्या नामांकित अभियंत्याचाही त्यात हात लागला. 1787 मध्ये ते बंदर खुले झाले आणि त्याच वर्षी गाळामुळे सोडूनही द्यावे लागले! याच शतकात गावात चोरट्या व्यापाराचा सुकाळ झाला, यात नवल नाही.

सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर चढले की हा सारा इतिहास एका नजरेत येतो. खाली सोळाव्या शतकातल्या घड्याळाचा लंबक थेट चर्चच्या सभागृहात झुलतो. बाहेरचे दोन सोनेरी बाहुले दर पाव तासाला टोल देतात, पण पूर्ण तासाचे टोल देत नाहीत. वरून दक्षिणेला पाहिले तर आधी कुरणे, त्यांत चरणाऱ्या मेंढ्या, मग किल्ल्याचे ठेंगणे बुरूज आणि त्यापलीकडे समुद्राची बारीक रेघ दिसते. पायथ्याशी रॉदरच्या काठी मासेमारीच्या बोटी आजही लागतात. त्यांना नदीतून ये-जा करायची ती भरतीची वेळ साधून, कारण ओहोटीला तिथे चिखलाचे उतार उघडे पडतात.