कोगनोळीच्या रोमिंगपासून परदेशातल्या ओटीपीपर्यंत

सीमाभागातल्या माणसाला रोमिंग कळायला परदेशी जावं लागलं नाही. मोबाइल कंपन्यांच्या हद्दी म्हणजे सर्कल: बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये, तर महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरं सर्कल. महाराष्ट्राच्या हद्दीवरची कोगनोळी ओलांडली किंवा गोव्याकडे चोर्ला घाट उतरला की रोमिंग सुरू, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे कापले जायचे. हद्दीजवळच्या गावांत तर घरी बसल्याबसल्या फोन पलीकडचा टॉवर पकडायचा. 'ऑटोमॅटिक' बंद करून आपलं नेटवर्क हाताने निवडायचं, हा त्यावरचा इलाज. देशातलं रोमिंग २०१७च्या सुमारास फुकट झालं, पण परदेशातल्या सीमावर्ती गावांत हाच इलाज आजही कामाला येतो.

त्याआधी परदेशी बोलणं म्हणजे ट्रंक कॉल. नंबर नोंदवायचा आणि लाइन लागेपर्यंत ताटकळायचं. ठरावीक माणसाशीच बोलायचं तर 'पीपी' कॉल लावायचा. १९७१ मध्ये नारायणगावजवळच्या आर्वीला उपग्रह केंद्र सुरू झालं, १९७६ मध्ये मुंबईहून लंडनला थेट डायल करता येऊ लागलं. गावोगावी ही सोय पोचवली ती पिवळ्या पाटीच्या एसटीडी-आयएसडी बूथांनी. तिथे मीटरकडे डोळे लावूनच बोलणं व्हायचं. १ एप्रिल २००२ला परदेशी कॉल जोडणाऱ्या विदेश संचार निगमची मक्तेदारी संपली, त्याच दिवसापासून इंटरनेटवरून बोलायलाही परवानगी मिळाली.

आता बोलणं जवळजवळ फुकट आहे, अडतं ते ओटीपीवर. २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पडताळणी सक्तीची झाली आणि ओटीपीमुळे बँकेचं कुलूप भारतीय सिमला जोडलं गेलं. परदेशात गेल्यावर तिथलं सिम घेऊन आपलं काढून ठेवलं, की स्वतःच्याच खात्यात शिरता येत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि परतेपर्यंत पुरेल एवढी व्हॅलिडिटी ठेवा. भारतीय सिमचं डेटा रोमिंग मात्र बंदच हवं. इंटरनेटसाठी तिथलं सिम किंवा ई-सिम. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर नेणारा पर्याय असतो. तोही बंद करा, नाहीतर बिल तिथूनच फुगतं. येणारा एसएमएस सहसा फुकट असतो, पण उचललेल्या कॉलचे पैसे पडतात.

घरचे नंबर +९१ लावून साठवा. बेळगावच्या ०८३१ मधलं शून्य गाळून +९१ ८३१ असं लिहायचं. शून्य राहिलं तर फोन लागत नाही.

आखाती देशांत जाणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. सौदीने सप्टेंबर २०१७ मध्ये इंटरनेट कॉलवरची बंदी उठवली. दुबईत मात्र व्हॉट्सॲपवर मेसेज जातो, कॉल लागत नाही. तिथे परवानगी असलेलं ॲप घरच्यांच्या फोनवरही निघण्याआधीच घालून, एकदा बोलून बघा.